इंग्रजीतली मी

“हू इज फ्रॉम नालवाडी?” असं प्रशिक्षणाच्या सरांनी विचारलं, आणि कांताला ते समजलं. प्रशिक्षण सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच एक अख्खं इंग्रजी वाक्य कुठेही न अडखळता तिच्या कानातून आत गेलं होतं. शेजारच्या बाईंकडे न बघता, मनात त्याचं मराठी न करता. त्या आनंदात तिचा हात आपोआप वर गेला आणि ती म्हणाली, “मी.” ती मराठीत बोलली होती. दुकानात, बसमध्ये, बारशाच्या घरी कुणी विचारलं असतं तर जसं म्हणाली असती तसंच. पण सरांनी खडू खाली ठेवला, हसले, आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “मी नाही, मॅडम. आय.” वर्ग हसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत रिकामी पडलेली ती वर्ध्यातली शाळा, पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले तालुक्यातले मास्तर आणि मास्तरणी, वर करकरणारा पंखा. त्या उकाड्यात कुणालाही हसायला काहीतरी हवंच होतं. कांताही हसली. मग बसली. तिला सांगायचं होतं की सर, मी मराठीत बोलले. पण आता सांगितलं तर ती सारवासारव वाटली असती, आणि खरं तर तिला स्वतःलाच खात्री उरली नव्हती. शब्द तोंडातून निघाला तेव्हा तो कुठल्या भाषेतला होता? तिचा की सरांचा? चहाच्या सुट्टीत देवळीकडचे एक गुरुजी कप पुढे करत म्हणाले, “चाय कोनाले पाह्यजे? मी नाही मॅडम, आय!” आणि पुन्हा सगळे हसले. चहा गोड होता. तिने तो उभ्याउभ्याच संपवला, आणि जीभ भाजली हे तिला पुष्कळ वेळानं कळलं.

सुट्टीनंतर सरांनी फळ्यावर शब्दांच्या दोन रांगा लिहिल्या. डावीकडे आय, ही, शी, वी, दे. उजवीकडे मी, हिम, हर, अस, देम. डावीकडचे करणारे, उजवीकडचे ज्यांच्या वाट्याला क्रिया येते ते. कर्ता आणि कर्म. जागा चुकली की वाक्य चुकलं. “पाठ करून टाका,” सर म्हणाले. “उद्या यावरच नमुना पाठ घ्यायचे. सुरुवात कांता मॅडम करतील.” त्यांच्या आवाजात खोच नव्हती. अमरावतीकडचा तरुण मुलगा होता तो, त्याचाही घसा कोरडा पडला होता, त्यालाही हा उन्हाळा घरी काढायचा असेल. कांताने दोन्ही रांगा डोळ्यांनी वाचल्या. मी. उजवीकडे, सगळ्यात वर, ज्याच्यावर काहीतरी होतं त्याच्या जागी बसलेली मी. या जूनपासून सरकारने पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी सुरू करायचं ठरवलं होतं. सुट्टी लागण्याआधी मुख्याध्यापकांनी तिला ऑफिसात बोलावून, पुढे खुर्ची सरकवून म्हटलं होतं, “मॅडम, जमत नसन तं मोकळ्या मनानं सांगा. नवीन मॅडम आल्या आहेत, बी. ए. ले इंग्लिश होतं त्याइचं. पहिली त्याइले देऊ, तुम्ही चौथी घ्या. कमीपणा नाई त्याच्यात.” कमीपणा नव्हताच. पण पहिली तिची होती. गुंजन पोटात असल्यापासून पहिली तिची होती, आणि गुंजन आता कॉलेजात जात होती. पहिलीत येणारी पोरं रडत यायची, तिच्या पदराला शेंबूड पुसायची, आणि दिवाळीच्या आसपास एका सकाळी त्यांच्यातलं एखादं पाटीवर ‘कमळ’ वाचायचं आणि दचकून वर बघायचं, आपण हे केलं का, अशा नजरेनं. त्या नजरेसाठी ती नोकरी करत होती असं म्हटलं तरी चाललं असतं. ती नजर चौथीत नसते. चौथीपर्यंत पोरं शहाणी होतात.

प्रशिक्षण दुपारी सुटलं. बसस्टँडसमोर नालवाडीचे ऑटो लागलेले होते. कांताने पदर डोक्यावरून घेतला, ऑटोकडे चार पावलं टाकली आणि थांबली. घरी गेल्यावर काय होणार ते तिला दिसत होतं. कूलरसमोर जेवण, मग गुंजनचं पुस्तक मांडीवर घेऊन आय-मी, ही-हिम. गुंजन म्हणणार, आई, सोपं तर आहे. आणि सोपं आहे हे ऐकल्यावर ते आणखी दूर जाणार. आणि त्या सगळ्याच्या मागून दुसराच एक आवाज येत राहणार, जो सकाळपासून येत होता. आय-मी, ही-हिम, शी-हर. सरांचा नव्हे. तिच्या मोठ्या बहिणीचा, शालूताईचा. माहेरी, रोहण्याच्या घरी, कापसाच्या ढिगाशेजारी पाय पसरून, वेणी पुढे घेऊन, डोळे मिटून शालूताई हे म्हणायची. तिची मॅट्रिक होती ते वर्ष. कांता दोन वर्गांनी मागे. इंग्रजीच्या मास्तरांनी बाबांना बाजारात गाठून सांगितलं होतं की तुमच्या मोठीसारखी इंग्रजी तालुक्यात कुणाची नाही. मग पाहुणे आले की बाबा शालूताईला हाक मारायचे, म्हण वं, म्हणायचे, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून आय-मी, ही-हिम पासून ते कसल्या कसल्या कवितांपर्यंत धडाधडा म्हणून दाखवायची. पाहुणे चहाची बशी खाली ठेवून ऐकायचे. त्यातलेच एक पाहुणे नाचणगावचे होते. मॅट्रिकचा निकाल लागला, शालूताई पास झाली, आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. भाजीपाल्याचं वावर होतं, विहिरीला पाणी होतं, मुलगा निर्व्यसनी होता. कांताची मॅट्रिक झाली तेव्हा ती इंग्रजीत नापास झाली. दुसऱ्यांदा बसून कशीबशी पास झाली. पण तोपर्यंत काळ थोडा बदलला होता, गावातल्या दोन मुली मास्तरणी झाल्या होत्या, आणि बाबांनी तिला वर्ध्याला डी. एड. ला पाठवलं. हुशार होती तिचं लग्न झालं आणि नापास झाली ती शिकली. हे कुणी कधी बोलून दाखवलं नाही. शालूताईनं तर नाहीच. पण इंग्रजीचं अक्षर समोर आलं की कांताला वाटायचं, हे आपलं नाही, ताईचं आहे, आपण तिच्या पेटीतलं लुगडं न विचारता नेसलो आहोत.

स्टँडवर पुलगावची एस. टी. लागली होती. समोरच्या एस. टी. डी. बूथवरून तिने दुकानात फोन केला. तिच्या नवऱ्याचं, धर्मेंद्रचं, नालवाडीत किराणा दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा तो फोन लगेच उचले.

“मी नाचणगावले जाऊन राह्यली. ताईकडं.”

“काऊन? काही झालं का तिकडं?”

“काई नाई झालं. भेटाचं होतं.”

“एवढ्या उन्हात? बरं. डोक्याले बांधून घेजो. अन् संध्याकाळच्या गाडीनं येजो, मी स्टँडवर येतो घ्यायले.”

गाडीत खिडकीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. बाहेर रिकामी, नांगरलेली काळी वावरं, मधेच एखादं कडुनिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत उभी असलेली सगळ्या गावाची ढोरं. तिने ओठ हलवून बघितले. आय गो. मी गो. दुसरं जास्त खरं वाटत होतं. आयुष्यभर ती मी जाते असंच म्हणत आली होती. मग तिला डी. एड. चं कॉलेज आठवलं. पहिल्या आठवड्यात तिथे भाषेच्या बाईंनी तिला उभं केलं होतं. काहीतरी विचारलं आणि ती म्हणाली, “मले माईत नाई.” बाई पुण्याकडच्या होत्या, आवाज मऊ होता. “मले नाही. मला. पुन्हा म्हण.” मला. “पुन्हा.” मला. “आता पूर्ण वाक्य.” मला माहीत नाही. साऱ्या वर्गासमोर तिने मोठ्यानं, शुद्ध, सांगितलं होतं की तिला माहीत नाही. त्या दिवसापासून तिला दोन तोंडं झाली. शाळेत मला, तुला, त्याला. घरी मले, तुले, त्याले. उंबरठ्यावर चपला बदलाव्यात तशी ती जीभ बदलायची, आणि इतकी वर्षं झाली तरी कधी घाईत चुकीच्या जागी चुकीचं यायचं आणि कान गरम व्हायचे. आज कान तसेच गरम झाले होते. म्हणजे हे नवीन काही नव्हतं. ‘मी नाही, आय’, ‘मले नाही, मला’ म्हणणारं कुणीतरी प्रत्येक वर्गात बसलेलंच असतं.

शालूताई वावरातच होती. विहिरीजवळच्या टाक्यापाशी, आंब्याच्या सावलीत, ओल्या गोणपाटावर सांभाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. संध्याकाळी पुलगावच्या बाजारात न्यायचा माल. बाजूला हिरव्या, गोल ढेमशांचा ढीग, चवळीच्या शेंगा. कांताला बांधावरून येताना पाहून ती उठून उभी राहिली आणि तिच्या हातातली जुडी खाली पडली.

“काय झालं वं? कोन गेलं?”

“कोनी नाई गेलं, ताई.”

“मंग अशी कशी आली? भर उन्हाची?”

कांता टाक्याच्या काठावर बसली, तोंडावर पाणी मारलं, आणि तिला एकदम रडू आलं. बेचाळीस वर्षांच्या मास्तरणीला यावं असं ते रडू नव्हतं. शालूताई समोर बसली. हात ओले होते म्हणून तिने मनगटानं कांताच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग कांतानं सांगितलं. सर, हात वर करणं, मी, आय, चहा, उद्याचा पाठ, पहिलीचा वर्ग. सांगताना ते सगळं फारच छोटं वाटत होतं, ढेमशाएवढं. “तुले येत होतं, ताई,” ती शेवटी म्हणाली. “तूच शिकवू शकते मले. ते आय-मी, ही-हिम. तू म्हनत होती ना, कापसाजवळ बसून.”

शालूताईनं तिच्याकडे पाहिलं, आणि हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. “मले कुठं येत होतं वं?”

“येत नव्हतं?”

“घोकत होती मी. मास्तर छड्या मारे, म्हून घोकत होती. अन् बाबाले वाटे पोरगी इंग्रजी बोलून राह्यली. कशाचा अर्थ काय, कोनाले माईत! त्या कवितेत समुद्र होता का बकरी होती, हे बी मले माईत नव्हतं.”

कांता बघत राहिली. तिला राग आला; कुणाचा ते कळेना. इतकी वर्षं ती ज्या गोष्टीला ताईची म्हणून हात लावत नव्हती, ती ताईकडे कधी नव्हतीच. पेटी रिकामी होती. आणि रागाच्या मागोमाग जे आलं ते विचारायला तिला तोंड नव्हतं, पण आज तोंडाचं ऐकायचा दिवस नव्हता. “मले डी. एड. ले पाठवलं तवा, तुले वाईट वाटलं असन.”

शालूताईनं एक जुडी बांधून पूर्ण केली. देठ सारखे केले. “वाटलं ना,” ती म्हणाली. “खोटं कायले बोलू? तू बॅग घेऊन वर्ध्याले गेली, अन् मी अठी वांगे तोडत होती. काट्यानं बोटं सोलले होते. मी म्हटलं, नापास झाली ती पोट्टी मास्तरीन होते अन् मी पास होऊन वांगे तोडते. जीव जळला. गंज दिवस जळला, लय दिवस.”

“मंग?”

“मंग काय. वांगे विकाले जाऊ लागली पुलगावले. हे आपले पहिले लाजत, बाजारात बाई कशी बसन म्हने. मी बसली. आता बाजारात माह्या जागेवर दुसरं कोनी बसून दाखवावं.” ती पुन्हा हसली, पण यावेळी वेगळं. “तू अजून थे घेऊन बसली होती का, कांते? येडी हायेस.”

विहिरीवरची मोटर बंद होती, लाइन गेली होती. सगळीकडे एवढं शांत होतं की टाक्यातून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. कांताला वाटलं, आपण आता उठून गेलो तरी चालेल. ज्यासाठी आलो नव्हतो ते झालं होतं. पण शालूताईनं गोणपाटावर मांडी नीट घातली. “आता तूच सांग मले,” ती म्हणाली. “मास्तरीन आहेस ना. इतकं घोकलं, त्याचा अर्थ तं समजू दे मरायच्या आधी. आय म्हंजे काय अन् मी म्हंजे काय?”

कांतानं ढिगातून एक ढेमसं उचललं. का उचललं ते तिला माहीत नव्हतं. पहिलीच्या पोरांना ती असंच काहीतरी हातात घेऊन शिकवायची. तिने ते शालूताईच्या हातात दिलं. “आय गिव्ह यू.”

“म्हंजे?”

“मी तुले देते.” आता तिने हात पुढे केला. “दे मले. यू गिव्ह मी.”

शालूताईनं ढेमसं परत दिलं. “तू मले देते,” कांतानं अर्थ सांगितला, आणि आपलाच आवाज तिने ऐकला. मले. वर्गात बोलली असती तर मला म्हणाली असती आणि काही ऐकू आलं नसतं. पण हे वावर होतं, समोर ताई होती. देणारी होती तेव्हा मी. घेणारी झाली की मले. इंग्रजीतही देणारी होती तेव्हा आय. घेणारी झाली की... “ताई,” ती म्हणाली, “त्याइची मी म्हंजे आपली मी नाईच. त्याइची मी म्हंजे मले.”

“मले?”

“मले. हिम म्हंजे त्याले. हर म्हंजे तिले. देम म्हंजे त्याइले. जठी आपलं ‘ले’ येते, तठी उजवीकडची रांग!” ती उभी राहिली होती. फक्त आवाज सारखा होता म्हणून. एवढंच. दोन भाषांत एका आवाजाचे दोन शब्द होते आणि ते एकमेकांच्या उलट बाजूला बसले होते, आणि ती ज्याला आपला समजून हात धरायची तो दुसराच होता. यात तिच्या डोक्याचा दोष नव्हता, जिभेचा नव्हता, रोहण्याचाही नव्हता.

“अन् यू?” शालूताईनं विचारलं. “यू दोन्हीकडं यूच राह्यला.”

“यू बदलत नाई.”

“वा रे वा. मी बदलाव अन् तू नाई बदलाव!” तेवढ्यात बांधावरून शालूताईचे यजमान बापूराव सायकल ढकलत येताना दिसले, हँडलला रिकाम्या पिशव्या, डोक्याला पंचा. “अन् हे? ह्याइले काय म्हनाव?”

“ही.”

“ही?” शालूताई किंचाळलीच. “मिशा हायेत त्याइले, कांते! ही कशी?” आणि बापूराव जवळ येईपर्यंत दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून हसत होत्या, आणि शालूताई म्हणत होती, “ही आली! पाह्य, ही आली सायकल घेऊन!” बापूरावांनी सायकल झाडाला टेकवली, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “साळी सायबीन झाली का तुमी दोघी पागल झाल्या?” त्यांनी कांताला पुलगावच्या स्टँडपर्यंत सोडलं. पिशवीत ढेमसे होते, सांभार होता, आणि शालूताई बांधावरून ओरडत होती, “गिव्ह मी फोन करजो!” ते चूक होतं की बरोबर, यावर कांता गाडीत बराच वेळ विचार करत बसली.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिला भीती वाटतच होती. मागच्या बाकावरून देवळीचे गुरुजी हलकेच म्हणाले, “आय!” तिने ऐकलं आणि ती म्हणाली, “काल मी मराठीत बोलले होते.” कुणाला उद्देशून नाही. सरांनी मान वर केली. “मी म्हणाले ते मराठीतलं मी. सरांना वाटलं इंग्रजीतलं. तसंच आपल्या पोरांचं होणार आहे.” आणि तिने पिशवीतून ढेमसं काढलं आणि देवळीच्या गुरुजींनाच पुढे बोलावलं. देणं, घेणं, आय, मी. आणि मग, एकदा घसा खाकरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शाळेच्या भिंतींच्या आत, तिने ठरवून, मोठ्यानं मले म्हटलं. मले, त्याले, तिले, त्याइले. वर्ग हसला, पण हे हसणं तिच्या अंगावर आलं नाही, बाजूनं गेलं. सांगलीकडून बदली होऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं, “पण मॅडम, मुलांना शाळेत मले म्हणायला शिकवायचं का?” कांता म्हणाली, “शिकवायला कुठं लागतं? ते घेऊनच येतात.” सर उठले, उजवीकडच्या रांगेवर खडूनं ‘ले’ असं लिहिलं आणि त्याच्याकडे बघत उभे राहिले. सुट्टीत ते तिच्याजवळ आले. “मॅडम, काल तुम्ही खरंच मराठीत...?” “हो, सर.” त्यांचे कान लाल झाले. कान गरम होतात तेव्हा बाहेरून असे दिसतात, हे कांतानं पहिल्यांदा पाहिलं. “आमच्या घरी बी मलेच म्हणतात,” ते एवढंच म्हणाले, आणि तिच्यासाठी चहा घेऊन आले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी तिने मुख्याध्यापकांना सांगितलं, “पहिली माझ्याकडेच राहू द्या.” ते म्हणाले, “पाहा बरं, मॅडम. साहेब लोक तपासाले येतीन.” ती म्हणाली, “येऊ द्या.” बाहेर आल्यावर तिला घाम फुटला. साहेब आले असते तर तिला काय काय येत नव्हतं याची यादी लांब होती. पण पोरं आली, रडली, शेंबूड पुसले गेले, आणि आषाढ सरेस्तोवर चिंचोक्यांची देवाणघेवाण करत वर्गातली निम्मी पोरं आय गिव्ह यू, यू गिव्ह मी म्हणू लागली. ‘ले’ आला की उजवीकडची रांग. पोरांना ते खेळासारखं लागलं. फक्त रक्षा बोलत नसे. भाजीवाल्यांच्या घरची, पहाटे आईबरोबर पालक खुडून शाळेत येणारी, बोटांना हिरवट वास असलेली पोरगी. खिडकीशी बसायची आणि सगळं ऐकत असल्यासारखी बघायची. कांतानं तिला कधी उभं केलं नाही. उभं केल्यावर काय होतं ते तिला माहीत होतं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीला अजून थोडा वेळ होता. रक्षा आपणहून उठली. दोन्ही हात फ्रॉकला घट्ट धरून ती म्हणाली, “मॅडम, मी हंग्री.” हंग्री हा शब्द कालच शिकवला होता. कांताला आधी आनंद झाला. मग ऐकू आलं ते. मी हंग्री. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. चूक होतं. पण पोरगी काही उगाच बोलली नव्हती. तिने मनात म्हटलं असणार, मले भूक लागली. ले आला, म्हणून उजवीकडची रांग, म्हणून मी. तिने तेच केलं होतं जे मॅडमनी सांगितलं होतं.

“आय,” कांता म्हणाली. मी नाही, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते, तिने ते गिळले. ती रक्षाजवळ जाऊन खाली बसली, डोळे डोळ्यांच्या उंचीला आणून. “तू बरोबर विचार केला, बेटा. पण इथं ते लोक आय म्हनतात. आय ॲम हंग्री.”

रक्षाच्या कपाळावर आठी पडली. “काऊन? भूक तं मले लागली.”

खरंच. काऊन? भूक तर हिला लागली होती. कुठून तरी आली होती आणि हिला लागली होती. कांताला एकामागून एक आठवत गेलं. मले भेव वाटते, मले आठवते, मले आवडते. आपल्याकडे हे सगळं बाहेरून येऊन माणसाला लागतं, ऊन लागावं तसं. आणि त्यांच्याकडे भीतीसुद्धा आय, आठवणसुद्धा आय. त्यांच्यात माणूस भुकेच्या वेळीही डावीकडे, करणाऱ्याच्या जागी कसा बसतो? की बसावं लागतं त्याला? तिने असा विचार पूर्वी कधी केला नव्हता, आणि तो करताना तिला भीती वाटत नव्हती; एखाद्या ओळखीच्या घरात आजवर न पाहिलेली खोली निघावी तसं वाटत होतं. ती पोरगी उत्तराची वाट बघत होती. सगळा वर्ग बघत होता. कांतानं त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि जुळवाजुळव न करता, रांगा न आठवता म्हणाली, “आय डोन्ट नो.”

“म्हंजे?”

“म्हंजे मले माईत नाई.”

रक्षाचे डोळे मोठे झाले. “तुमाले माईत नाई?”

“नाई.”

पोरीच्या तोंडावर असा उजेड पडला की कांता बघतच राहिली. मॅडमला माहीत नाही! ती गर्रकन वळली आणि खिडकीशेजारच्या पोराला सांगू लागली, त्यानं पुढच्याला सांगितलं, कुणीतरी ते शब्द मोठ्यानं म्हणून बघितले, मग दुसऱ्यानं, आणि घंटा झाली तेव्हा पहिलीचा अख्खा वर्ग डबे हातात घेऊन, एकमेकांना ढकलत, ओरडत बाहेर पडला, “आय डोन्ट नो! आय डोन्ट नो!” सगळ्यात पुढे रक्षा, सगळ्यात मोठ्यानं. मुख्याध्यापक ऑफिसातून बाहेर आले. पोरांची ती फौज त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाहून कडुनिंबाखाली गेली. त्यांनी चष्मा वर केला आणि व्हरांड्याच्या टोकाला उभ्या असलेल्या कांताला विचारलं, “काय शिकवून राह्यल्या मॅडम हे पोट्ट्यांले?”

पोरांना गप्प करायला हवं होतं. कांता पदराला हात पुसत उभी राहिली आणि ऐकत राहिली. एकाचंही वाक्य चुकत नव्हतं.